कळफलकाखालचा कान

माझ्या सदरातला पहिला नियम मी दर वर्षी एकदा पुन्हा छापतो, कारण वाचक तो दर वर्षी विसरतात. ऑफिसचा लॅपटॉप म्हणजे ऑफिसची खुर्ची. घरी आणली तरी ती आपली होत नाही. तिच्यावर बसून मुलीची पत्रिका जुळवू नये, सहलीचे फोटो साठवू नयेत, डॉक्टरांचे रिपोर्ट उघडू नयेत. आपलं काम आपल्या यंत्रावर करावं, मग ते कितीही जुनं असो.

हा नियम मीच मोडला, आणि तोही चोरून.

मिरजेच्या एका साप्ताहिकात मी 'कळफलक' नावाचं छोटं सदर लिहितो. नोकरीभर कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथालयाला नवे संगणक कधी मिळालेच नाहीत. कुणी टाकून दिलेले यायचे. त्यांना नवं विंडोज पेलत नसे, म्हणून मी लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी प्रणाली शिकलो. पुस्तकात वाचून, घाबरत घाबरत. अजूनही मला यातलं काही खात्रीने येतं असं वाटत नाही. प्रत्येक सूचना छापण्याआधी मी स्वतःच्या यंत्रावर दोनदा करून पाहतो. नवी आवृत्ती चढवण्याआधी फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवा. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबून पडद्याला कुलूप लावा; लिनक्सवरही बहुतेक ठिकाणी तेच चालतं. असलं किरकोळ. लोक वाचतात, रस्त्यात थांबवून शंका विचारतात. उत्तर मला तिथे सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं.

त्या सकाळी माझी मुलगी शाल्मली उप्पीट खाता खाता थांबली.

शाल्मली पुण्याच्या 'अभयछत्र' नावाच्या विमा कंपनीचं काम मिरजेतल्या आमच्या फ्लॅटमधून करते. कंपनीची बहुतेक पत्रं आता यंत्रंच लिहितात, पण माणूस गेलेल्या घरी जाणारं पत्र माणसाने लिहावं, एवढी लाज कंपनीने अजून ठेवली आहे. मराठी पत्रं शाल्मली लिहिते. पुढच्या महिन्यात तिला त्या विभागाची प्रमुख करणार होते. यंत्रांनी लिहिलेल्या पत्रांवरही तिचा हात फिरावा, ही तिची जुनी इच्छा होती.

"बाबा, हे काय आहे बघा."

पडद्यावर निळी चौकट होती. 'प्रिय शाल्मली, आपल्या लयीत चिंताजनक बदल आढळला आहे. आपल्या कल्याणासाठी आपल्याला आजपासून हलकं काम देण्यात येत आहे. पदोन्नतीचा विचार तूर्त स्थगित.'

"लय? मी काय तबला वाजवते?" ती म्हणाली. मग तिने खालची बारीक अक्षरं वाचली आणि बशी लांब सारली. 'संभाव्य कारण : कंपवाताची सुरुवातीची लक्षणं.'

तिने दोन्ही हात समोर धरले. बोटं दगडासारखी स्थिर होती. तरी ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

त्या लॅपटॉपच्या कळफलकाखाली एक चिप आहे हे मला वाचून माहीत होतं. आपण कळ दाबतो तेव्हा ती किती वेळ दाबलेली राहते आणि तिच्यावरून पुढच्या कळीवर जायला बोटाला किती वेळ लागतो, एवढंच ती चिप मोजते. पण सेकंदाचे हजार तुकडे करून मोजते. अक्षरं कोणती, हे तिला कळत नाही. जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं कोण आलं हे आपण न बघता ओळखतो, तसंच हे. आधी पासवर्डऐवजी ही सोय आली. पुढे लक्षात आलं की लय माणसाची ओळख सांगते, तशी त्याची तब्येतही सांगते. मेंदूतून बोटांना निघणारे हुकूम बिघडू लागले की हात कापायला लागण्याच्या बरंच आधी बोटं एखाद्या कळीवर रेंगाळतात, पुढच्या कळीवर अडखळतात. डोळ्यांना ते दिसत नाही. चिपला दिसतं.

शोध चांगलाच होता. डॉक्टरांच्या हाती असता तर मी त्याचं कौतुक करणारं सदर लिहिलं असतं. पण तो कंपनीच्या हाती होता आणि त्याला नाव दिलं होतं 'कल्याण'.

चौकटीसोबत एक आलेख होता. सकाळची रेघ सरळ, संध्याकाळची सरळ. दुपारी मात्र मधूनच वाकडीतिकडी, आठवड्यातून एखाद-दोन दिवस.

"दुपारी तर मी पोहायला जाते," शाल्मली म्हणाली. "बायकांची बॅच असते ना. दुपारी मी टाइपच करत नाही, बाबा. यंत्र बिघडलंय यांचं!"

मी चहाचा कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. ते दिवस माझ्या ओळखीचे होते. माझ्या सदराचा मजकूर द्यायच्या आधीचे दिवस.

"यंत्र बिघडलेलं नाही, शालू," मी म्हणालो.

माझ्या संगणकाचा कळफलक जुना आहे, कळा जड आहेत. गेले काही महिने उजव्या हाताची बोटं त्यांच्यावर दमायला लागली होती. वय झालं, असं मी स्वतःला सांगत होतो. शाल्मलीच्या लॅपटॉपच्या कळा लोण्यासारख्या. दुपारी ती पोहायला गेली की मी तो उघडत असे. मी अगदीच अडाण्यासारखं केलं नव्हतं, उलट शहाणपण दाखवलं होतं. पेनड्राइव्हवर लिनक्स घ्यायचं, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. तिचं विंडोज झोपलेलं राहतं, तिच्या फाइली कुलूपबंद असतात, त्या मला दिसतही नाहीत. लिहून झालं, पेनड्राइव्ह काढला, की आपण आलो होतो याची खूण उरत नाही. ही युक्ती मी सदरातही दिलेली आहे.

फक्त, ती चिप विंडोजची नव्हती आणि लिनक्सचीही नव्हती. ती दोघांच्याही खाली, कळफलकातच बसलेली. वर कोणाचं राज्य आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. ती मोजत होती, साठवत होती आणि संध्याकाळी शाल्मलीने विंडोज सुरू केलं की सगळं कंपनीला सांगत होती.

हे सगळं मी खाली मान घालून सांगितलं. वाटलं, आता ओरडेल.

"पण बाबा, परका माणूस बसलाय हे यंत्राला कळायला नको? ओळख पटवायलाच तर आणलं होतं ना ते?"

"तुला टायपिंग कुणी शिकवलं?"

मीच शिकवलं होतं. शाळा सुटली की ती ग्रंथालयात यायची. कपाटांच्या मागे टेबलावर मी तिची बोटं कळांवर ठेवत असे. अनुस्वाराआधी किंचित थांबायचं, शब्द संपला की अंगठा हलकाच टाकायचा, या माझ्या सवयी तिने जशाच्या तशा उचलल्या. यंत्राला वाटलं, माणूस तोच आहे, फक्त बिघडलाय.

शाल्मली उठून माझ्याजवळ आली. रागावलेली होतीच.

"कप डाव्या हाताने कधीपासून धरायला लागलात?"

"मी? नाही गं."

"आत्ता धरलात."

मी हाताकडे पाहिलं. मला खरोखरच माहीत नव्हतं.

कंपनीच्या कल्याण विभागाचे बेहेरे नावाचे अधिकारी त्याच दिवशी पडद्यावर आले. तरुण, हसतमुख, बोलताना मान सारखी डोलवायचे. त्यांनी शाल्मलीकडून अर्धं पान टाइप करून घेतलं. लय निर्दोष निघाली.

"ग्रेट," बेहेरे म्हणाले. "म्हणजे मॅडम, आत्ता तुमचा चांगला तास चालू आहे."

"चांगला तास म्हणजे?"

"या आजारात असं होतं हो. कधी बरं, कधी वाईट. दुपारची रेघ पाहिलीत ना?"

"दुपारी मी तलावावर असते. तिथलं कार्ड दाखवू?"

"मग टाइप कोणी केलं?" बेहेऱ्यांनी मायेने विचारलं. "लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे सेवा समाप्त, हे तुम्हाला माहीत असेलच. तसं काही नसणार म्हणा. विश्रांती घ्या."

पडदा काळा झाला. शाल्मली म्हणाली, "वा! खरं सांगितलं तर नोकरी गेली, नाही सांगितलं तर मी आजारी. आणि कितीही चांगलं टाइप केलं तरी तो चांगला तास."

"मी सांगतो त्यांना. चूक माझी आहे."

"तुम्ही आधी डॉक्टरकडे चला."

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. मज्जासंस्थेच्या डॉक्टर कित्तूर मध्यमवयीन बाई. त्यांनी मला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला लावली, चालून दाखवायला सांगितलं, कागदावर आतून बाहेर फिरणारी चकली काढायला लावली. माझी चकली आकसत गेली.

"काय वाचता हो रिकाम्या वेळी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एका पुस्तकाबद्दल उलट प्रश्नही विचारला, मग म्हणाल्या, "सुरुवात आहे. औषध आहे, व्यायाम आहे. पुष्कळ लिहाल अजून. आजच्या आज सगळं समजून घ्यायची घाई नाही. पुढच्या वेळी येताना शंका लिहून आणा, तुम्ही आणणारच."

बाहेर रिक्षात शाल्मली रडली. मी नाही रडलो. मला एकाच गोष्टीची चीड येत होती, आणि चीड ही माझ्या सवयीची गोष्ट नाही. या बाईंनी मला समोर बसवून, माझा हात हातात घेऊन जे सांगितलं, ते पुण्यातल्या एका यंत्राला कित्येक आठवडे आधी माहीत होतं. मला न विचारता त्याने ते काढून घेतलं होतं, मला सांगितलं नव्हतं, आणि माझ्या मुलीच्या नावावर चढवलं होतं.

घरी आल्यावर मी शाल्मलीचा नोकरीचा करार वाचायला मागितला.

"तो कुणी वाचत नाही, बाबा."

"म्हणूनच."

नोकरीभर मी एकच काम बरं केलं असेल, तर ते वाचण्याचं. कराराच्या शेवटी जिथे अक्षरं मुंगीएवढी होतात तिथे लिहिलं होतं की लयीची मोजणी फक्त संमती दिलेल्या कर्मचाऱ्याची होईल आणि इतर कुणाच्याही शरीराची माहिती कंपनी घेणार नाही, ठेवणार नाही. मी ते वाक्य शाल्मलीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग ती म्हणाली, "उद्या बेहेऱ्यांसमोर तुम्ही बसाल?"

"मला चारचौघांत बोलता येत नाही, शालू. पेन्शनरांच्या बैठकीत मी कधी हात वर केला नाही."

"चारचौघं नाहीत. एकच बेहेरे आहे."

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या शेजारी बसलो. शाल्मलीने सगळं सांगून टाकलं. बेहेऱ्यांची मान डोलायची थांबली.

"काका, टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. "पण तुम्ही कबूल करताय की कंपनीचा लॅपटॉप तुम्ही वापरला?"

"वापरला. चूक माझी. आणि तुम्ही कबूल करता का, की तुम्ही माझा आजार मोजलात?" माझा आवाज चिरकला, तरी मी थांबलो नाही. "मी तुमचा नोकर नाही. मी संमती दिलेली नाही. तुमच्या करारात शेवटून तिसरा परिच्छेद आहे."

बेहेरे बाजूला बघून काहीतरी वाचू लागले. मग त्यांचं हसू परत आलं.

"मॅडम, यातून मस्त मार्ग आहे. आपली नवी योजना येतेय, कुटुंबकल्याण. घरातल्या सगळ्यांनी एकदा संमती द्यायची. मग घरात कुणीही लॅपटॉपला हात लावला तरी नियमभंग नाही. काकांनी मागच्या तारखेने होकार दिला की विषय संपला. तुमच्या नावावरची नोंद काकांच्या नावावर जाईल. उद्यापासून तुम्ही विभागप्रमुख. आणि काकांची काळजीही आम्ही घेऊ. किती छान!"

"माझी माहिती पुसता येणार नाही का?" मी विचारलं.

"ती आता यंत्राच्या शिकण्यात मिसळलीय, काका. साखर दुधातून परत निघते का?"

पडद्यावर होकाराची चौकट आली. फक्त बोट टेकवायचं होतं. खरं सांगतो, मी टेकवणार होतो. मी म्हातारा, माझी लय घेऊन कुणी काय करणार? तिची खुर्ची मात्र समोर दिसत होती. माझा उजवा हात उचलला गेला, आणि आता तो कापतोय हे मलाही दिसलं.

शाल्मलीने तो मनगटाशी धरला.

"बाबा, तुमच्या सदरातला पहिला नियम काय?"

"ऑफिसचा लॅपटॉप म्हणजे ऑफिसची खुर्ची," मी पुटपुटलो. "घरी आणली तरी आपली होत नाही."

"मग घर तरी त्यांचं का करायचं?"

"तुझं पद जाईल, शालू."

"जाऊ दे. तुमचा हात तारण ठेवून मला प्रमुख व्हायचं नाहीये. तुम्हाला काय म्हणायचंय ते बोला. तुमचा हात आहे."

बेहेरे म्हणाले, "मॅडम, भावनेच्या भरात..."

"संमती नाही," मी म्हणालो. आवाज बारीकच निघाला. म्हणून पुन्हा म्हणालो, "संमती नाही. मोजलंत ते चोरून मोजलंत. शाल्मलीच्या नावावरची नोंद काढा. तिला काढून टाकायचं असेल तर कारण लिहून द्या. तुम्हाला त्यात माझा आजार लिहावा लागेल, आणि तो तुम्हाला कसा कळला हेही लिहावं लागेल. लिहा. मी छापतो."

मी इतकं सलग बोललो होतो हे नंतर शाल्मलीने सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना.

कंपनीने कारण लिहून दिलं नाही. काही दिवसांनी शाल्मलीची नोंद मुकाट्याने काढली गेली. हलकं काम गेलं, नेहमीचं परत आलं. विभागप्रमुख दुसऱ्याच कुणाला केलं. ती बातमी आली त्या संध्याकाळी शाल्मली जेवली नाही, आणि मला समजूत घालता आली नाही. सकाळी तिने नेहमीप्रमाणे एका घरी जाणारं पत्र लिहायला घेतलं.

कंपनीकडे माझं एक गुपित होतं, ही गोष्ट मात्र मला झोपू देईना. मग मला कळलं की ते गुपित आहे तोवरच त्यांच्या कामाचं आहे. त्या आठवड्याच्या सदरात मी माझ्या नावानिशी लिहिलं की मला कंपवाताची सुरुवात झाली आहे, हे मला डॉक्टर कित्तूरांनी सांगितलं आणि एका कळफलकाने माझ्याआधी दुसऱ्यांना सांगितलं होतं. पेनड्राइव्हची माझी युक्ती कुठे फसते तेही लिहिलं. विंडोज असो की लिनक्स, त्याच्या खालच्या थरात कान बसवलेला असेल तर वरून कितीही दारं लावा, उपयोग नाही. तिथे सॉफ्टवेअर हरतं. शेवटी सूचना दिली. ऑफिसच्या लॅपटॉपला आपला साधा, जुना, वायरीचा कळफलक जोडा. त्यात मोजणारी चिप नसते. लॅपटॉपच्या कळांना बोट लागलंच नाही, तर त्यांच्याखालच्या कानाला काही ऐकू येत नाही. आणि घरच्यांनी ऑफिसच्या यंत्राला हात लावू नये, माझ्यासारख्या शहाण्यांनी तर मुळीच नाही.

अंक निघाला त्या दिवशी मला घराबाहेर पडायची लाज वाटत होती. पण शाल्मलीसाठी कळफलक घ्यायचा होता म्हणून नसीम मुजावरांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. बाईंच्या टेबलावर अंक उघडा पडलेला.

"या, सर," त्या म्हणाल्या. "सकाळपासनं लोक जुने कळफलक मागायल्यात. माळ्यावर नुसते पडून होते की हो. नवऱ्याला म्हटलं, भंगारात देऊ नका, तर ऐकत नव्हता. आता बसलाय पुसत." मग माझ्या हाताकडे सरळ बघून म्हणाल्या, "औषध घेताय ना वेळेवर? का तेही सदरात लिहून मोकळे?"

मी हसलो. त्यांनी एक पिवळट पडलेला, विटेएवढा जड कळफलक काढून दिला. आणखी एक दिला. "हा तुम्हाला. कळा सैल करून ठेवल्यात."

आता आमच्या घरात दिवसभर खटाखट चालते. शाल्मलीच्या मैत्रिणींनी कंपनीत ती सूचना एकमेकींना पाठवली. बैठक सुरू झाली की पडद्यावरच्या प्रत्येक खिडकीतून म्हणे पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो आणि बेहेरे कानांवर हात ठेवतात. काल कंपनीचं परिपत्रक आलं. बाहेरचे कळफलक आरोग्यास अपायकारक असून त्यांचा वापर टाळावा. शाल्मलीने ते मला वाचून दाखवलं आणि उत्तर टाइप करायला घेतलं. कुठल्या डॉक्टरांचा अहवाल आहे, तो जोडावा, एवढंच तिने विचारलं. तिच्याआधी सतरा जणींनी तेच विचारलं होतं.

मी आतल्या खोलीत हे लिहितो आहे. हात चालतो, कधी अडतो. मगाशी एका शब्दावर बराच वेळ थांबलो तर बाहेरून हाक आली.

"बाबा, 'संमती'पाशी अडलात ना?"

"तुला काय माहीत?"

"ऐकू येतंय की. तुमचा अनुस्वार आला की कळतं मला."

"ऐकू नकोस. कामं कर तुझी."

"मग हळू वाजवा!"

मी खिडकी उघडली आणि तो शब्द पुन्हा टाइप केला, होता होईल तेवढ्या जोरात.